कोंडवाड्यातली कन्याशाळा

पट म्हणजे शाळेत नाव दाखल असलेल्या मुलांची यादी, आणि हजेरी म्हणजे त्यांतली जी खरोखर येऊन बसतात त्यांची मोजदाद. बाहेरच्या माणसाला दोन्ही एकच वाटतं. मलाही नोकरीला लागेपर्यंत तसंच वाटत होतं.

साल सत्तावन्न. मी बावीस वर्षांची होते. वडील यवतमाळला कोर्टात कारकून. आमच्या घरातली नोकरी करणारी पहिली बाई मीच. नॉर्मल स्कूलचं, म्हणजे शिक्षिका होण्याचं, शिक्षण संपलं आणि जनपद सभेचा, म्हणजे तेव्हा शाळा चालवणाऱ्या तालुक्याच्या संस्थेचा, नेमणुकीचा कागद आला, तो नेरच्या पलीकडच्या एका बाजाराच्या गावचा. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

तिथली कन्याशाळा देवळाच्या ओवरीत भरत असे. चौथीपर्यंतचे चारही वर्ग आणि शिक्षिका एकटी मी. माझ्या आधीच्या बाई लग्न होऊन गेल्याला सात-आठ महिने झाले होते. मधल्या काळात मुलांच्या शाळेचे हेडमास्तर राऊत गुरुजी वेळ मिळेल तसे येऊन दोन्हीकडे बघत. पन्नाशीचे, बारीक, धोतर नेहमी एका बाजूने वर खोचलेलं. त्यांनी मला किल्ली, घंटा, खडूची पेटी आणि हजेरीपुस्तक दिलं. पटावर अडतीस नावं होती. माझ्यासमोर तेरा मुली बसल्या होत्या.

मी हजेरी घ्यायला लागले. एक नाव पुकारलं की "जी बाई" यायचं, आणि पुढची दोन-तीन नावं कोणी ओ देत नसे. मागची पानं उलटून पाहिली तर त्या न येणाऱ्या मुली रोज हजर होत्या. संक्रांतीच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा एकदोघी हजर.

मला वाटलं, पेरणीचे दिवस आहेत, मुली धाकट्या भावंडांना सांभाळत असतील. आम्हाला शिकवलंच होतं की गैरहजर मुलीच्या घरी जावं. मी नावं आणि बापांची नावं एका कागदावर उतरवली आणि शाळा सुटल्यावर निघाले. राऊत गुरुजींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं.

यादीत पहिलं नाव सुभद्रा होतं. विचारत विचारत गेले तर घर गावाच्या टोकाला, बौद्ध मोहल्ल्यात निघालं. आदल्याच वर्षी तिथली माणसं नागपूरला जाऊन धम्म घेऊन आली होती. गावातले लोक अजून त्या वस्तीला जुन्याच नावाने हाक मारत. घराच्या भिंतीवर निळीने एक चक्र काढलेलं होतं. दारात एक बाई तुरीच्या काड्या मोडत बसली होती. तिचं नाव भागाबाई. मी म्हटलं, "सुभद्राची आई तुम्हीच का? ती शाळेत येत नाही, म्हणून आले."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

"माही सुभद्रा?"

"हो. पटावर नाव आहे तिचं."

"बाई, माही सुभद्रा कदीच शाळेत नाही गेली. आन् मागच्या दिवाळीले गेली ते. तापानं."

मी उभीच राहिले. शेजारच्या दोघीतिघी गोळा झाल्या. भागाबाई हळूच म्हणाली, "तुमच्या पुस्तकात काय हाय तिचं?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. "काल हजर आहे," मी म्हटलं. "रोजच हजर आहे."

ती हसली की रडली ते मला तेव्हा कळलं नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, "म्हंजे आमच्या पोरीचं नाव चालते तुमच्या शाळेत. पोरगी चालत नाही."

तिच्यामागे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. सुभद्राची धाकटी बहीण, विमल.

दुसऱ्या दिवशी मी राऊत गुरुजींसमोर कागद ठेवला. त्यांनी तो वाचला. मग त्यांनी मला नोकरीचं दुसरं पुस्तक शिकवलं, जे नॉर्मल स्कूलमध्ये नव्हतं. मुलींच्या शाळेची सरासरी हजेरी ठरल्या आकड्याखाली गेली की शाळा बंद होते आणि मुलींना मुलांच्या शाळेत घालतात. घालतात म्हणजे कागदावर. कोणी आईबाप पाठवत नाहीत. आधीच्या बाई गेल्या आणि मुली गळायला लागल्या, तेव्हा गुरुजींनी कोतवालाच्या जन्माच्या नोंदींतून मुलींची नावं उतरवून घेतली होती.

"तेरा खऱ्या पोरींसाठी पंचवीस खोट्या लिहिल्या, बाई," ते म्हणाले. "तुम्ही सगळी नावं कापा. हक्क आहे तुमचा. पण पुढच्या महिन्यात या तेराही घरी बसतील. आणि ती पोरगी मेलेली आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. तेवढं पाप माझ्या डोक्यावर घालू नका."

मला त्यांचा राग आला होता. पण तेरा मुलींमध्ये सिंधू नावाची एक मुलगी होती, तिच्याकडे बघितलं की राग टिकत नसे. तिसरीत होती. गणित तोंडावर फेकावं आणि तिने झेलावं. मी पाटीवर उदाहरण लिहून वळायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं, आणि बरोबर असायचं. शाळा बंद झाली तर ही मुलगी काय करणार, हा प्रश्न मला झोपू देईना.

चार दिवसांनी मी पुन्हा भागाबाईकडे गेले. म्हटलं, "विमलला पाठवा. मोहल्ल्यातल्या सगळ्याच मुली पाठवा. खोटी नावं कापून मी खरी लिहिते."

"तुमची शाळा देवळात हाय ना?"

"ओवरीत आहे. बाहेर."

"थे देवळाचंच झालं. पयले तुमी येऊ देत नव्हते, आता आमीच येत नाही." मग म्हणाली, "जागा बदला बाई. पोरी मी आणून देतो. एक नाही, वीस आणतो." आमच्या भागात बायाही स्वतःला "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात. त्या दिवशी भागाबाईच्या तोंडी ते फार शोभलं.

गावात जागा शोधायला मी आणि राऊत गुरुजी हिंडलो. गुरुजी न बोलावता बरोबर आले. कापसाच्या जिनाच्या मालकाने हंगामात जागा लागते म्हणून नाही सांगितलं. शेवटी ग्रामपंचायतीचा जुना कोंडवाडा सापडला. मोकाट जनावरं कोंडायला नवीन कोंडवाडा बांधला होता, हा रिकामा पडला होता. दगडी भिंत, अर्ध्या भागावर टिनाचं छप्पर, मधे एक कडुनिंब. गाव आणि मोहल्ला यांच्या बरोबर मधे. सरपंच म्हणाले, "घ्या. पण उद्या कोणी म्हटलं नाही पाहिजे का सरपंचानं पोरी कोंडल्या."

भागाबाईने दहा-बारा बाया आणल्या. त्यांनी तीन दिवसांत शेण-माती कालवून सगळी जमीन सारवून काढली. गुरुजींनी आपल्या शाळेतला मोडका फळा दोरीने बांधून दिला. जनावरांच्या दावणीच्या दगडांवर मुलींनी पाट्या ठेवल्या, आणि मला आयतीच बाकं मिळाली.

आता चुकलेलं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

सिंधूचे वडील दत्तोपंत देवस्थानाचं काम बघत. कचेरीत अर्ज लिहून देण्याचा व्यवसाय. माणूस वाईट नव्हता, मोजकं बोलणारा होता. शाळा हलणार कळलं तेव्हा ते ओवरीत आले. म्हणाले, "बाई, देवाच्या जागेतून शाळा काढताय. कोंडवाड्यात मी मुलगी पाठवणार नाही. आणि तिथं कोण कोण बसणार तेही कानावर आलं आहे."

त्यांच्या मागे सिंधू दप्तर पोटाशी धरून उभी होती.

मी तरुण होते, तीन दिवस उन्हात हिंडलेली होते, आणि मोहल्ल्यातल्या वीस मुली माझ्या खिशात होत्या. मी म्हटलं, "नका पाठवू. तुमची मुलगी नसली तरी शाळा चालेल."

दत्तोपंत वळले. सिंधूने एकदा मागे वळून पाहिलं. तिच्याबरोबर गावातल्या आणखी पाच मुली गेल्या. पुढे वर्षभरात त्या पाचांपैकी तिघी परत आल्या, दोघींची घरं दुसऱ्या गावी गेली. सिंधू आली नाही. मला आजही वाटतं, त्या दिवशी मी दोन शब्द गिळले असते, गुरुजींना मध्यस्थीला घेऊन दत्तोपंतांच्या घरी जाऊन बसले असते, तर काहीतरी निघालं असतं. पण मी मनात आकडा जुळवत होते आणि तो जुळला होता.

नवी शाळा सुरू झाली. तेरातल्या सात उरल्या आणि भागाबाईने खरंच वीस आणल्या. पहिल्या दिवशी त्या वीसजणी वयाने सहापासून अकरापर्यंत आणि सगळ्या पहिलीत. काहींच्या कडेवर भावंडं होती. मी कडेवरच्यांनाही येऊ दिलं, नाहीतर मोठ्या आल्या नसत्या. त्यामुळे अ-आ-ई शिकवताना मधेच कोणीतरी भोकाड पसरायचं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात. विमल मात्र एक दिवस चुकली नाही. दाखल-खारीज पुस्तकात, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या मुख्य नोंदवहीत, मी खोटी नावं लाल शाईने कापली. सुभद्राच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात "मयत, गेली दिवाळी" लिहिलं. भागाबाई समोर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवून म्हणाली, "इथं हाय ना ते? आता हिच्या खाली विमलचं लिवा." मी लिहिलं.

दिवाळीच्या आधी तपासणी आली. शाळा तपासनीस सायकलवरून आले. गोल चष्मा, कपाळावर घाम. कोंडवाड्याच्या फाटकापाशी थबकून त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग भिंतीकडे पाहिलं. राऊत गुरुजी आधीच येऊन बसले होते.

साहेबांनी डोकी मोजली. सत्तावीसपैकी चोवीस होती, आणि चार तान्ही. तान्ह्यांना त्यांनी मोजलं नाही. मग परीक्षा. वाचायला दिलं तर निम्म्या मुली अक्षरं लावत बसल्या. भागाबाईची विमल "कमळ" वाचताना ळवर अडली ती पुढे जाईना. साहेबांचं तोंड हळूहळू कडू झालं. शेवटी सामान्य ज्ञान विचारलं, "आपल्या राज्याची राजधानी कोणती?"

त्याच्या आदल्या वर्षीच आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. एक मुलगी म्हणाली नागपूर, दुसरी म्हणाली मुंबई. दोघींत वाद सुरू झाला. तेव्हा विमल उठून उभी राहिली. "साहेब, पयले नागपूर होती, आता मुंबई हाय. पुढं कोनती होईन थे सरकारले माहीत."

साहेब हसले. पहिल्यांदाच. पण हसता हसता त्यांनी दाखल-खारीज पुस्तक उघडलं आणि लाल शाईपाशी थांबले.

"ही मुलगी गेल्या दिवाळीत मयत. मग जूनपर्यंत हजेरीला कशी?"

मी तोंड उघडण्याआधीच राऊत गुरुजी उभे राहिले. "त्या काळात हजेरी मी भरली, साहेब. बाई जूनमध्ये आल्या. त्यांचा काही संबंध नाही."

"तुम्ही? किती वर्षं नोकरी झाली?"

"अठ्ठावीस."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या मुलींकडे पाहत म्हणाले, "मला हे लिहावं लागेल, गुरुजी."

"लिहा. बाईंनी कापलं ते बरंच केलं."

शाळेच्या शेरेबुकात साहेबांनी लिहिलं ते मला पाठ आहे: "पटसंख्या समाधानकारक. अध्ययनाची प्रगती असमाधानकारक. जागा अयोग्य. शाळा चालू ठेवावी." राऊत गुरुजींची दोन वर्षांची वेतनवाढ रोखली गेली. त्यांना सात मुलं होती. त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. फक्त त्या हिवाळ्यात ते शाळेत विडी ओढायचे बंद झाले.

शाळा वाचली. मी खूश व्हायला हवं होतं. पण माझ्या खोलीवरून कोंडवाड्याला जायची वाट दत्तोपंतांच्या घरावरून जात होती. ओट्यावर सिंधू गहू निवडत बसलेली दिसायची. पहिले काही महिने मी दुसऱ्या गल्लीने जात होते. लाज वाटायची.

एकदा चिखलामुळे त्या गल्लीने जाता आलं नाही. मी मान खाली घालून ओट्यासमोरून निघाले तर मागून आवाज आला.

"बाई, भागाकाराच्या पुढं काय शिकवलं?"

मी थांबले. "अपूर्णांक."

"ते कसं असते?"

घरात कोणी दिसत नव्हतं. मी सुपातले गव्हाचे दाणे घेतले आणि तिथेच उभ्या उभ्या तिला पाव आणि अर्धा दाखवला. तिने लगेच विचारलं, "मग पाव आणि अर्धा मिळवले तर?" आतून हाक आली आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम त्याच वाटेने जाऊ लागले. रोज पाच मिनिटं, कधी दहा. सुपात, ओट्याच्या ओल्या सारवणावर बोटाने, हाताशी येईल त्यावर. दत्तोपंतांना माहीत नसणं शक्यच नव्हतं. एकदा ते कचेरीतून लवकर आले आणि आम्ही दोघी चांगल्याच पकडल्या गेलो. मी म्हटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते सरळ आत गेले. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ओट्यावर सिंधूच्या शेजारी एक पाट मांडलेला होता. कोणी मांडला हे मी विचारलं नाही.

असं दोन वर्षं चाललं. कोंडवाड्यात विमल आणि तिची मैत्रीण शांता यांनी एका वर्षात दोन इयत्ता उरकल्या होत्या. साठ सालच्या उन्हाळ्यात चौथीच्या परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मुली सहा. परीक्षा नेरच्या केंद्रावर. बाहेरून बसणाऱ्यांचा एक फॉर्म असतो. तो घेऊन मी पहिल्यांदाच दत्तोपंतांच्या घरात पाऊल ठेवलं. म्हटलं, "मागं मी बोलले ते चुकलं होतं. त्याची माफी मागते. यावर सही करा."

त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेला माणूस. म्हणाले, "बाई, चुकलं ते एकट्या तुमचंच नाही," आणि सही केली.

परीक्षेला आम्ही बसने गेलो. सातही मुली एकाच बाकावर गर्दी करून बसल्या आणि विमलने सिंधूला आपल्या डब्यातली चटणी दिली. सिंधूने घेतली. परतीच्या वाटेवर त्या दोघी उत्तरं ताडून पाहत होत्या आणि भांडत होत्या. मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण डोळे भरून आले होते.

सातांतल्या पाच पास झाल्या. विमल, शांता आणि सिंधू पहिल्या तीन. सिंधू पहिली, आणि केंद्रावरच्या मुलांनाही मागे टाकून.

दत्तोपंत निकाल घ्यायला स्वतः कोंडवाड्यात आले. फाटकातून आत येताना त्यांनी चपला काढल्या. कागदावरचं मुलीचं नाव वाचत बराच वेळ कडुनिंबाखाली उभे राहिले.

"पुढं काय?" त्यांनी विचारलं.

"पाचवी. मुलांच्या शाळेत. गावात मुलींची पाचवी नाही."

भागाबाई तिथेच होती. ती म्हणाली, "माही विमल जाऊन राह्यली. तुमचीबी पाठवा ना दादा. दोघी संगंसंगं जातील."

दत्तोपंतांनी कागदाची नीट घडी केली. "माझ्या घरात मुलांच्या वर्गात मुलगी बसलेली नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. उलट ते कोणाला तरी विनवत असावेत असा होता. मग चपला हातात घेऊनच ते फाटकाबाहेर गेले.

त्या जूनमध्ये राऊत गुरुजींनी पाचवीच्या वर्गात पहिलं बाक मुलींसाठी ठेवलं. विमल आणि शांता एका टोकाला बसल्या, दुसऱ्या टोकाची जागा गुरुजींनी मोकळी सोडली. वर्गात पन्नास मुलं होती, काही खाली फरशीवर बसत. तरी त्या जागेवर ते कोणाला बसू देत नसत. तीन वेळा ते स्वतः दत्तोपंतांच्या घरी जाऊन आले. प्रत्येक वेळी चहा मिळाला.

दसऱ्यानंतर सिंधूचं लग्न ठरल्याचं गावात कळलं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी फरशीवरच्या एका मुलाला हाक मारली आणि म्हणाले, "ये, बस इथं." विमलने आपलं दप्तर सरकवून त्याला जागा करून दिली.